मुलांच्या हाती माती देताना या चुका टाळा

मी मुलांना मातीकाम शिकवते, त्यामुळे मे महिना आला किंवा गणपती जवळ आले की मला एकाच धर्तीचे फोन येतात. "काकू, पाच वर्षांच्या मुलांसाठी काय आणू? पटकन वाळायला हवं, कपडे खराब व्हायला नकोत, आणि घरी नेण्यासारखं काहीतरी झालं पाहिजे." या तिन्ही अटी मोठ्यांच्या. मुलांची त्यात एकही नाही. साहित्य चुकतं ते इथेच.

पटकन वाळतं म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस

याचा मला मनापासून राग आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. बडोद्यात दांडिया बाजाराजवळच्या एका सोसायटीत उन्हाळी शिबिर होतं. मातीकामाला मला बोलावलेलं. मी सामान ठेवायला आदल्या संध्याकाळी गेले, तर तिथे बादलीत प्लास्टर कालवून तयार, आणि चार-पाच लहान मुलांचे पंजे मनगटापर्यंत आत! हाताचे ठसे घेणं चाललं होतं म्हणे. "ताई, वीस मिनिटांत दगड होतो, पालक खूश." तेवढ्यात एक चिमुरडी म्हणाली, "काकू, आ तो गरम थाय छे" (हे तर गरम होतंय). संयोजकांना त्याचीही गंमत वाटली. मी आधी सगळ्यांचे हात बाहेर काढायला लावले, गंमत मागाहून समजावली.

प्लास्टर नुसतं वाळत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि उष्णता बाहेर पडते. जाड गोळा असेल तर तापमान 60 अंशांपर्यंत चढू शकतं. शिवाय ते घट्ट होत जातं, म्हणजे भाजायला लागल्यावर हात काढावा म्हटलं तर निघत नाही. इंग्लंडमध्ये 2007 साली शाळेच्या वर्गात एका सोळा वर्षांच्या मुलीने असेच हात बुडवले आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. सोळा वर्षांची, पाचची नव्हे.

त्या संध्याकाळी उरलेलं प्लास्टर कुणीतरी मोरीत ओतलं. ते पाण्यातही घट्ट होतं, हे प्लंबरने पाइप कापल्यावर सगळ्यांना कळलं.

ठसाच हवा असेल तर माझी पद्धत अशी: माती पोळपाटावर जाडसर लाटायची, मुलाने पंजा दाबून हात काढून घ्यायचा, बस्स. त्यात प्लास्टर ओतायचंच असेल तर मुलं घरी गेल्यावर, मोठ्या माणसाने, नाकावर मास्क लावून. आणि प्लास्टरचा गणपती तर विषयच नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सुधारित सूचनांत तो नकोच म्हटलाय.

"काकू, शाडूला तडे गेले"

जाणारच. शाडू आपल्या गुजरातचा, भावनगरकडून पार पेणपर्यंत जातो, पण बडोद्याचं मे महिन्यातलं ऊन त्यालाही सोसत नाही. वस्तू गॅलरीत ठेवली की बाहेरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि मधे भेग पडते. पंख्याखाली ठेवलं तरी तेच. वरून हेअर ड्रायर मारणारेही पाहिलेत. त्यांना काय बोलावं?

दुसरं कारण मुलांचं लाडकं: पाणी. गुळगुळीत करायला बोट भिजवायचं, पुन्हा भिजवायचं, शेवटी हत्तीचा चिखल होतो. मी मुलांसमोर पाण्याची वाटी ठेवतच नाही, ओल्या स्पंजचा तुकडा ठेवते. सोंड किंवा पाय नुसते चिकटवले तर वाळताना गळून पडतात. दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढायचे, मधे मातीचा पातळ काला लावायचा आणि दाबायचं. अंगठ्यापेक्षा जाड भाग ठेवायचा नाही. मग जुन्या सुती साडीचा ओलसर तुकडा वर टाकून सावलीत, सावकाश. भिजवून वाटलेला कागदाचा लगदा मातीत मळला तर तडे बरेच कमी होतात. घाई असेल त्यांनी दुकानातून हत्ती आणावा.

भेग पडलीच तर कोरड्या भेगेत ओली माती भरू नका, ती पुन्हा सुटते. आधी ती जागा ओलसर करा, मग काला भरा.

कुंभाराकडच्या मातीचं काम भट्टीत फुटलं की सगळे हवेच्या बुडबुड्याला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष आत राहिलेल्या ओलीचा असतो. तिची वाफ होते आणि वस्तू फुटते.

बाकीच्या, थोडक्यात

घट्ट प्लॅस्टिसिनची (न वाळणाऱ्या तेलकट रंगीत मातीची) कांडी पाकिटातून काढून थेट तीन वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नका. करंगळीने खड्डा पडत नसेल तर ते त्याच्यासाठी दगडच आहे. आधी तुम्ही मळा, पोळीच्या कणकेइतकं मऊ होऊ द्या.

मैदा-मिठाचा गोळा घरी होतो (दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी), पण पावसाळ्यात नको. मीठ ओल धरतं. आणि चाटणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवा, एवढं मीठ पोटात जाणं चांगलं नाही.

कागदाच्या लगद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी रीत आहे. मुलांच्या कामात अजिबात नाही, ते विष आहे. खळ रोजची रोज शिजवा.

टाकाऊ वस्तू जरूर द्या. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या मेळ्यांसाठी खेळणी केली, ती बघितली तर साध्यासुध्या साहित्याला कुणी नावं ठेवणार नाही. पण तीनच्या खालच्या मुलांना मणी, बटणं, चिकटवायचे डोळे देऊ नका. लोहचुंबकाचे सुटे तुकडे आणि बटण सेल तर कुठल्याच लहान मुलाला नकोत.

साचा? माझ्या वर्गात येत नाही. साच्यातून काढलेले वीस सारखे गणपती पालकांना आवडतात, मुलांनी त्यात फक्त माती दाबलेली असते.

आवरताना वाळलेली माती झाडूने झाडू नका. तिच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. हात बादलीत धुवा, गाळ रात्रभर खाली बसू द्या, वरचं पाणी कुंड्यांना घाला आणि गाळ परत डब्यात भरा.