मेडिकल डिव्हाइस सेल्सची नोकरी घ्यावी का? बेळगाव-निपाणी पट्ट्यात होकार देण्याआधी हे तपासा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेल्या मुलामुलींना एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या, नोकरीसोबत हल्ली आणखी एक ऑफर येते, मेडिकल डिव्हाइस सेल्सची. पगाराचा आकडा जरा वरचा असतो, कार्डावर ‘टेरिटरी मॅनेजर’ छापलेलं असतं आणि घरचे म्हणतात, ‘घे की, दवाखान्यातलंच काम आहे.’

माझं मत सरळ आहे. कंपनीचं नाव आणि पॅकेज सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते विकायचं काय आहे, आणि मग एरियाची रेघ कुठून ओढली आहे. सीमाभागात ही रेघ थेट खिशावर येते.

पायरी १ : विकायचं काय, ते नेमकं विचारा

या क्षेत्रात किमान चार प्रकारची कामं आहेत आणि त्यांचं रोजचं जगणं एकमेकांशी फारसं जुळत नाही.

कन्झ्युमेबल्स म्हणजे टाक्यांचे धागे, कॅथेटर, ग्लोव्ह्ज, ड्रेसिंग. हे एमआरच्या कामाला सगळ्यात जवळचं. रोजच्या भेटी, स्टॉकिस्टकडचा, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडचा, साठा, महिन्याचं टार्गेट. शिकायला सोपं, पण चार पैसे कमी दराने कोणी आला की गिऱ्हाईक हलतं.

लॅबच्या यंत्रांचं गणित निराळं. बऱ्याचदा यंत्र लॅबमध्ये बसवून दिलं जातं आणि कमाई रिएजंटवर, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या रसायनांवर, होते. यंत्र बंद पडलं की लॅबवाला इंजिनिअरच्या आधी तुम्हाला फोन करतो. म्हणून मुलाखतीत विचारा, सर्व्हिस इंजिनिअर बसतो कुठे? हुबळीत असेल तर निभावतं. बेंगळुरूत असेल तर शिव्या तुम्ही खाणार.

मोठी यंत्रं, म्हणजे व्हेंटिलेटर, सोनोग्राफी, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे यंत्र), यांचा सौदा काही महिने चालतो. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी मान डोलावली तरी फाइल बायोमेडिकल विभाग, परचेस कमिटी आणि व्यवस्थापन असा फेरा घेते. सरकारी दवाखान्यात कर्नाटकचा १९९९ चा पारदर्शक खरेदी कायदा आणि निविदा आल्या. बेळगावच्या बिम्स या सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात रोज चक्कर मारून मोठी ऑर्डर निघत नाही. मग तिमाही टार्गेट कशाच्या जोरावर ठरवलंय, हे विचारायला लाजू नका. सोनोग्राफीचं यंत्र असेल तर गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदाही अंगावर येतो. नोंदणी नसलेल्या केंद्राला यंत्र विकणं गुन्हा आहे आणि कोणाला यंत्र दिलं त्याची यादी विक्रेत्याने दर तीन महिन्यांनी सक्षम प्राधिकाऱ्याला द्यायची असते. टार्गेटच्या घाईत ‘नोंदणी येईल मागाहून’ म्हणणारा मॅनेजर भेटला तर तिथेच थांबा.

चौथा प्रकार इम्प्लांट. हाडाच्या प्लेटा, स्क्रू, गुडघ्याचे सांधे, हृदयातले स्टेंट. इथे पैसा बरा आणि शिकायला भरपूर, पण हे काम घड्याळ पाहून होत नाही. ऑपरेशनला सगळ्या मापांचा सेट आधी पोचवायचा, ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करायला) वेळेत द्यायचा, केस सुरू असताना ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, उभं राहून सर्जनना माप आणि अवजार सांगायचं, संपल्यावर वापरलेलं मोजून उरलेलं परत न्यायचं. हायवेवरचा अपघात रात्री दोनला झाला तर ट्रॉमाचा, म्हणजे अपघाती जखमांसाठीचा, सेटही रात्रीच हलवावा लागू शकतो. इथे तीन प्रश्न हवेतच. रात्रीच्या केसला दुसरा माणूस आहे का? मोजणीत स्क्रू कमी भरला तर भरपाई कोणाच्या खात्यावर? एक्स-रे चालू असलेल्या ओटीत किरण अडवणारा लेड एप्रन आणि अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज मिळतो का? बॅजबद्दल विचारल्यावर समोरचा हसला तर ती कंपनी माणसाची किती काळजी घेते ते कळलंच. कावीळ ब ची लस मात्र कंपनीची वाट न बघता घ्या. तिचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांवर असतात, म्हणजे पूर्ण व्हायला अर्धं वर्ष जातं.

ओटीत उभं राहणं म्हणजे माहिती देणं, एवढंच. कोणी ‘जरा हे धर’ म्हणून रुग्णावर हात लावायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. हे जमणार नसेल तर इम्प्लांटच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २ : एरियाची रेघ नकाशावर ओढून घ्या

कंपन्या एरिया राज्यांप्रमाणे पाडतात. रुग्ण आणि डॉक्टर तसे वागत नाहीत. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. अथणीकरांना मिरज बेळगावपेक्षा जवळ. त्यामुळे निपाणीचा रुग्ण कोल्हापुरात ऑपरेशन करून घेतो. उलट बाजूने कोल्हापूर-मिरजेचे सर्जन ठरलेल्या वारी आपल्याकडच्या नर्सिंग होममध्ये येतात आणि येताना कधी कधी त्यांच्या ओळखीचा माल, ओळखीचा डिस्ट्रिब्युटरही घेऊन येतात.

आता तुमचा मॅनेजर हुबळी किंवा बेंगळुरूला आणि कोल्हापूर दुसऱ्याच मॅनेजरकडे. अथणीच्या डॉक्टरांना सहा महिने डेमो तुम्ही दिलात, बिल मिरजेच्या डिस्ट्रिब्युटरने फाडलं, तर विक्री कोणाच्या नावावर? बहुतेक ठिकाणी बिल जिथे फाटलं तिथल्या माणसाच्या. मेहनत तुमची आणि इन्सेंटिव्ह पलीकडच्याचा, अशी ही गंमत.

म्हणून कागद घ्या आणि गावांची नावं मागा. बेळगाव शहर, खानापूर, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी, रायबाग यांतलं काय तुमच्याकडे? सोबत धारवाड किंवा गोवा जोडलंय का? दुसऱ्या राज्यातून बिल झालं तर श्रेय वाटून मिळतं का? ‘ते आपण ॲडजस्ट करू’ हे उत्तर नव्हे. ईमेलवर लिहून मागा.

भाषेचंही इथेच बघा. शहर, खानापूर, निपाणीत मराठीवर निभावतं, बऱ्याच डॉक्टरांशी तर गप्पाच मराठीत होतात. गोकाक, बैलहोंगलकडे आणि सरकारी स्टोअरमध्ये कन्नड लागतं, बोलायला आणि थोडं वाचायलाही. ओटीतली सिस्टर आणि स्टोअरकीपर ही माणसं डॉक्टरांइतकीच महत्त्वाची असतात, आणि त्यांच्याशी इंग्रजी झाडून काम होत नाही. दोन्ही भाषा सहज येणारा उमेदवार या पट्ट्यात दुर्मीळ नसला तरी बेंगळुरूच्या मॅनेजरला तो सोन्यासारखा वाटतो. पगाराची बोलणी करताना हे लक्षात असू द्या.

पायरी ३ : पगार नेमका कोण देणार?

जाहिरातीत मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि नेमणूकपत्र देतो स्थानिक डिस्ट्रिब्युटर किंवा मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी. यात वाईट काही नाही. डिस्ट्रिब्युटरकडे दोन वर्षं काढलेला मुलगा माल, बिल, उधारी, वसुली सगळं शिकतो. फक्त पीएफ भरला जातो का, दरवाढ कोण ठरवतो आणि हॉस्पिटलची थकबाकी कोणाच्या डोक्यावर, हे आधी कळलं पाहिजे. आपल्याकडे तीन-चार महिन्यांची उधारी कोणाला नवल वाटत नाही. इन्सेंटिव्ह बिल झाल्यावर मिळतो की पैसे जमा झाल्यावर, या एका ओळीने वर्षाची कमाई पालटते.

डिस्ट्रिब्युटर असेल तर परवाना विचारा. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली. विक्रेत्याकडे औषधविक्रीचा परवाना किंवा एमडी-४२ ही नोंदणी हवी. या नोंदणीसाठी पात्र व्यक्तीचं नाव दाखवावं लागतं, आणि नवा पदवीधर दिसला की काही मालक त्याचंच नाव घालून मोकळे होतात. तुमची कागदपत्रं कशासाठी मागतायत ते विचारल्याशिवाय सही करू नका. मूळ गुणपत्रिका तर कोणाकडेच ठेवायची नाही.

पायरी ४ : सीटीसी सोला

सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च. समजा ऑफर साडेचार लाखांची आहे. बाराने भागून महिना साडेसदतीस हजार असं मनात येतं. आता त्यातले ८०,००० ‘व्हेरिएबल’, म्हणजे टार्गेट झालं तरच मिळणारे, धरा. मूळ वेतन सव्वादोन लाख असेल तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ २७,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ११,०००. उरले ३,३२,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २७,००० आणि व्यवसाय कर गेला की हातात महिन्याला पंचवीस हजारांच्या आसपास पडतात. पीएफ तुमचाच आहे, मान्य, पण तिलकवाडीतल्या खोलीचं भाडं त्यातून भरता येत नाही.

यात पेट्रोल अजून आलंच नाही. किलोमीटरमागे काय दर मिळतो, मुक्कामाचा भत्ता किती आणि खर्चाची रक्कम किती दिवसांनी जमा होते, तेही विचारा. इम्प्लांटचे जड ट्रे पावसाळ्यात दुचाकीवर न्यायची अपेक्षा असेल तर वाहनाचा खर्च वेगळा मागा.

पायरी ५ : एक दिवस फिरा

मुलाखत छान झाली, आता त्याच प्रकारचा माल विकणाऱ्या एखाद्याबरोबर एक पूर्ण दिवस काढा. कंपनीनेच ‘फील्ड डे’ दिला तर उत्तम. नाहीतर ओळखीतून माणूस मिळतो, बेळगावात प्रत्येकाचा कोणीतरी मामेभाऊ एमआर असतोच. सकाळच्या ओपीडीबाहेर किती वेळ थांबावं लागतं, परचेसवाले कसे बोलतात, संध्याकाळी सात नंतर किती फोन येतात, हे डोळ्यांनी बघा. शक्य झालं तर त्या एरियात तुमच्या आधी जो होता त्याला गाठा. तो का गेला, हा सगळ्यात कामाचा प्रश्न. दोन वर्षांत तिसरा माणूस नेमला जात असेल तर दोष माणसांत नसावा.

मुलींनी हा दिवस नक्की काढावा. लॅब आणि कन्झ्युमेबल्समध्ये वेळ बराचसा आवाक्यात राहतो. ट्रॉमात रात्री एकटीने प्रवास करायची वेळ आली तर कंपनी गाडी देते का, हे आधी ठरवून घ्यायला हवं.

पायरी ६ : ‘डॉक्टरांचं बघावं लागतं’

हे वाक्य मुलाखतीत आलं तर अर्थ विचारा. उपकरणांच्या विक्रीसाठी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाची आचारसंहिता २०२४ मध्ये आली. डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू, रोख पैसे देणं तिच्यात बसत नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते या धंद्यातल्यांना ठाऊक आहे. माझा हिशेब इतकाच: पाकीट पोचवणारा हात तुमचा असेल तर अडचणीच्या वेळी नावही तुमचंच पुढे येईल. स्टेंटवर फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने किमतीची मर्यादा घातली. तेव्हापासून छापील किमतीत खेळायची जागा आखडली आहे. टिकतो तो वेळेवर माल आणि नीट सेवा देणारा, आणि असा माणूस हवा असलेल्या कंपन्या आहेत.

आता ठरवा

वस्तू आवडली, गावांची यादी लेखी मिळाली, इन्सेंटिव्हची अट समजली आणि फिरलेल्या दिवसाने जीव उबला नाही, तर घ्या. पगार थोडा कमी असला तरी पहिली दोन वर्षं इम्प्लांट किंवा लॅबमध्ये शिकण्यासारखं जास्त आहे असं मला वाटतं. रात्रीचे फोन नकोत आणि घरी शेती किंवा दुकानही सांभाळायचं आहे, तर कन्झ्युमेबल्स बरे. यादी लेखी द्यायला टाळाटाळ होत असेल तर एकदा आठवण करा, आठवडाभर थांबा आणि दुसरीकडे अर्ज सुरू ठेवा.

हातात आधीची नोकरी असेल तर राजीनामा फोनवरच्या ‘कन्फर्म आहे’ वर टाकू नका. सही केलेलं नेमणूकपत्र, त्यात मुख्यालयाचं गाव, नोटीस किती दिवसांची आणि सोडताना ताब्यातल्या स्टॉकची मोजणी कशी होणार, एवढं वाचून झालं की मगच टाका.