सोलापूरच्या उन्हात छत थंड कसे ठेवावे : शीतकरण संशोधनाचा गच्चीवर आणि पत्र्यावर उपयोग

सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या किंचित उत्तरेला असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. अशा उन्हात घराच्या भिंतींवर किरणे तिरपी पडतात आणि सगळा मारा छपरावर होतो. म्हणून पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेल्यावर खिडकीला वाळ्याचा पडदा लावणे किंवा कूलरमध्ये पाणी भरत राहणे यापेक्षा छपराकडे आधी लक्ष देणे शहाणपणाचे ठरते. गेल्या दहा-बारा वर्षांत पदार्थविज्ञानात या विषयावर बरेच मोलाचे काम झाले आहे. त्यातले काय आपल्या गच्चीवर किंवा यंत्रमागाच्या शेडवर उतरवता येते आणि काय येत नाही, हे येथे सांगितले आहे.

छप्पर थंड राहण्यासाठी त्याच्या पृष्ठभागाला दोन कामे करावी लागतात. ऊन परतवणे हे पहिले काम आणि स्वतःतली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडणे हे दुसरे. पहिले काम सर्वांना ठाऊक असते, दुसरे मात्र सहसा लक्षात घेतले जात नाही, आणि बहुतेक फसगत तिथेच होते. चकचकीत नवा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण धातूचा उघडा पृष्ठभाग उष्णता फार कमी सोडतो. त्यामुळे शोषलेली थोडी उष्णताही त्यात साचत जाते आणि दुपारी त्यावर हात ठेवता येत नाही. ॲल्युमिनियमच्या चंदेरी रंगाची अडचण काही प्रमाणात हीच आहे. साधा पांढरा रंग दिसायला तितका झळझळीत नसतो, पण तो उष्णता उत्तम सोडतो आणि म्हणून छपरासाठी उजवा ठरतो.

आकाशाकडे सोडलेली उष्णता नेमकी जाते कुठे, याचे उत्तर वातावरणात आहे. साधारण ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना हवा फारशी अडवत नाही, त्यामुळे ते थेट अवकाशात निघून जातात. हवेत बाष्प जितके कमी तितकी ही वाट अधिक मोकळी. पर्जन्यछायेतल्या सोलापूरची कोरडी उन्हाळी हवा आणि निरभ्र आकाश या बाबतीत कोकणापेक्षा निश्चितच सोयीचे आहे. ज्यांच्याकडे ताप मोजण्याच्या पिस्तुलासारखा पण औद्योगिक वापराचा अवरक्त तापमापक आहे, त्यांनी तो रात्री निरभ्र आकाशाकडे रोखून पाहावा. हवेच्या तापमानापेक्षा कितीतरी खालचा आकडा दिसेल. आषाढात ढग दाटल्यावर हाच आकडा हवेच्या तापमानाजवळ सरकतो. (दिवसा हा प्रयोग करताना उपकरण सूर्याकडे कधीही रोखू नये.)

संशोधनातले आकडे कसे वाचावेत

२०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या थरावर हाफ्नियम डायऑक्साइड आणि सिलिका यांचे सात अतिसूक्ष्म थर देऊन एक पृष्ठभाग तयार केला. तो ९७ टक्के ऊन परतवत होता आणि भर उन्हातही भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ५ अंशांनी थंड राहिला. पुढे अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटाने हेच उद्दिष्ट साध्या रंगाने गाठले. २०२० मध्ये कॅल्शियम कार्बोनेट वापरून ९५.५ टक्के आणि २०२१ मध्ये बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के परावर्तन त्यांनी मिळवले. बाजारातले नेहमीचे पांढरे रंग ८० ते ९० टक्क्यांपर्यंत थांबतात, कारण त्यांत टिटॅनियम डायऑक्साइड असते आणि ते अतिनील किरण शोषून घेते. पर्ड्यूच्या रंगात तसे न शोषणारी पूड होती, तिचे प्रमाण आकारमानाने ६० टक्के इतके भरगच्च होते आणि कणही वेगवेगळ्या आकाराचे होते, जेणेकरून सूर्यप्रकाशातली प्रत्येक तरंगलांबी कोणत्या तरी कणावर आपटून परत फिरावी. भारतातही बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मॅग्नेशियम ऑक्साइड आणि एका फ्लोरिनयुक्त बहुवारिकापासून (पॉलिमरपासून) असा लेप तयार झाला आहे.

हे वाचून आपली खोलीही हवेपेक्षा पाच अंश थंड होईल असे समजू नये. अशा चाचण्यांत लहानसा नमुना खालून उष्णतारोधकावर ठेवलेला असतो, आणि स्टॅनफर्डच्या प्रयोगात तर वरून पॉलिथिनचे पातळ आवरणही होते, जेणेकरून गरम वारा नमुन्याला शिवू नये. आपल्या गच्चीवरून दुपारचा झळांचा वारा मोकळा वाहतो, धूळ बसते, आणि खाली माणसे, स्वयंपाक, यंत्रे यांची उष्णता असते. तरीही जे पदरात पडते ते थोडे नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडते असे धरले, आणि काळवंडलेला स्लॅब ३० टक्के तर पांढरा केलेला ८० टक्के ऊन परतवतो असे मानले, तर ५०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या गच्चीवर त्या क्षणी साधारण २३ किलोवॉट उष्णता शोषली जाण्यापासून वाचते. ती सगळीच खोलीत उतरली असती असे नाही, पण स्लॅब रात्री उशिरापर्यंत जी धग सोडत राहतो ती याच साठ्यातून येते.

दुकानात रंग घेताना डब्यावरच्या ‘कूल’ या शब्दापेक्षा माहितीपत्रकातले तीन आकडे मागावेत : सौर परावर्तन, औष्णिक उत्सर्जकता (उष्णता सोडण्याची क्षमता) आणि या दोहोंवरून काढलेला सौर परावर्तन निर्देशांक. या निर्देशांकात प्रमाण काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ८० टक्के परावर्तनाच्या प्रमाण पांढऱ्या पृष्ठभागाला १०० गुण असतात. आकडे नव्या रंगाचे आहेत की तीन वर्षे जुन्या झालेल्या रंगाचे, हे आवर्जून विचारावे. माझ्या मते सोलापूरच्या धुळीत तीन वर्षे जुन्या रंगाचाच आकडा खरा उपयोगाचा आहे.

आधी लहान तुकड्यावर चाचणी

संपूर्ण छप्पर रंगवण्यापूर्वी त्याच छपरावर तीन-तीन फुटांचे चौकोन आखून प्रत्येकात वेगळा पर्याय लावावा आणि एक चौकोन तसाच ठेवावा. दोन-तीन दिवस दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता प्रत्येकाचे तापमान घ्यावे. येथे एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. स्वस्त अवरक्त तापमापक समोरचा पृष्ठभाग उष्णता चांगली सोडणारा आहे असे गृहीत धरून चालतो. उघड्या पत्र्यावर रोखल्यास तो पत्र्यात उमटलेले थंड आकाश वाचतो आणि चटका देणारा पत्राही गार असल्याचे दाखवतो. त्यासाठी पत्र्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी हाताच्या पंजाएवढ्या जागेत ओळीने चिकटवावी, ती पत्र्याइतकी तापेपर्यंत दहा मिनिटे थांबावे आणि उपकरण जवळ धरून पट्टीवरच आकडा घ्यावा. पट्टीखालचा पत्रा जास्त ऊन शोषतो, म्हणून हे मापन खालच्या बाजूने, शेडच्या आतून केलेले अधिक चांगले.

ज्यांना प्रयोगाची हौस आहे त्यांनी पर्ड्यूचा रंग एखाद्या फळीवर करून पाहण्यास हरकत नाही. आकारमानाने ६० टक्के म्हणजे वाळलेल्या थरात वजनाने सुमारे ८५ भाग बेरियम सल्फेट आणि १५ भाग ॲक्रिलिक. ॲक्रिलिक इमल्शनच्या रूपात मिळते आणि त्यात साधारण निम्मे पाणी असते हे धरून ते दुप्पट घ्यावे. पूड रासायनिक प्रक्रियेने अवक्षेपित केलेली, शुभ्र हवी. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटच्या खाणींतून निघते तसे नैसर्गिक बराइट खनिज करड्या छटेचे असू शकते आणि येथे उपयोगाचे नाही. खरेदी करताना बेरियम सल्फेट आणि बेरियम कार्बोनेट यांची गल्लत अजिबात होऊ देऊ नये, कारण पहिले पाण्यात विरघळत नसल्याने निरुपद्रवी असते, तर दुसरे विष आहे. इतकी पूड भरलेला थर ठिसूळ होतो, म्हणून तो गच्चीवर चालण्याच्या जागी टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष काम

स्लॅबच्या गच्चीसाठी सर्वांत स्वस्त उपाय अजूनही कळीचा चुना हाच आहे. एक किलो चुन्याला पाच लिटर पाणी घ्यावे. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी ओतून त्यात चुना थोडा थोडा टाकावा, कारण तो उकळी फुटल्यासारखा तापतो आणि प्लास्टिकची बादली वितळू शकते. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे असल्याशिवाय हे काम करू नये. चोवीस तास मुरल्यावर जाड्याभरड्या फडक्यातून गाळून, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक दर पाच लिटरला सुमारे २० ग्रॅम मिसळावा. पहिला हात उभा मारून तो वाळल्यावर दुसरा आडवा मारावा. चुना पावसात धुऊन जातो, तेव्हा तो दरवर्षी फाल्गुनात नव्याने लावायचा हे गृहीत धरावे. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापडांचे वाळवण असेल तर खाली जाड चादर अंथरावी, कारण चुन्याची भुकटी चिकटते, शिवाय पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात.

चार-पाच वर्षे टिकणारे काम हवे असल्यास लवचिक ॲक्रिलिक लेप घ्यावा. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन पूर्ण वाळवावी आणि भेगा आधी भराव्यात. तापलेल्या स्लॅबवर लेपातले पाणी क्षणात उडून थर तडकतो, म्हणून काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. जिथे पाणी साचते तिथे कोणताही लेप फार काळ धरत नाही, तेव्हा आधी उतार दुरुस्त करावा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांवर मात्र हा लेप देऊ नये. मातीच्या जाड थरामुळे ती घरे मुळातच गार असतात, आणि वरून वाफ कोंडल्यास खालचे लाकूड कुजण्याची भीती असते.

यंत्रमागाच्या शेडचे गणित वेगळे आहे. तेथे छत तापले की हवेची सापेक्ष आर्द्रता घसरते आणि टॉवेल विणणाऱ्या मागावर सूत वारंवार तुटते, म्हणजे कामगाराच्या घामाबरोबर उत्पादनाचाही प्रश्न असतो. जस्तलेपित पत्र्यावर चुना लावू नये, कारण त्याचा तीव्र अल्क जस्ताला खातो. ऑइल पेंटही थेट लावू नये, कारण त्यातले तेल जस्ताशी अभिक्रिया करून साबणासारखा थर तयार करते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाचे पोपडे निघतात. पत्रा डिटर्जंटने धुऊन, गंजलेले भाग घासून, जस्तलेपित पत्र्यासाठीचा प्रायमर देऊन त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात द्यावेत. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नयेत आणि जोराच्या फवाऱ्यानेही धुऊ नयेत. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानेच पुसावेत. ते कोणत्याही क्षणी मोडू शकतात, तेव्हा चढणाऱ्याने खालच्या कैच्यांवर (छपराला आधार देणाऱ्या चौकटींवर) टेकलेल्या फळीवरच पाय ठेवावा.

त्यानंतरची देखभाल म्हणजे मुख्यतः धुणे. पावसाळ्यात बरीच धूळ आपोआप जाते, पण दिवाळीपासून होळीपर्यंत बसलेली माती आणि मागांच्या परिसरातली सुताची लव मार्चच्या सुरुवातीला मऊ झाडूने, थोड्या पाण्यात काढावी. धुतल्यावर चाचणीचे चौकोन पुन्हा मोजावेत. पांढऱ्या चौकोनाचे दुपारचे तापमान तसेच ठेवलेल्या चौकोनाच्या जवळ जाऊ लागले असेल, तरच नवा हात देण्याचा खर्च करावा.