पाच लाख हातात असतील तर साडेचारच्या आतलीच गाडी बघा

जुनी गाडी काढायचीये, सेकंडहँड फॅमिली कार घ्यायचीये, बजेट पाच लाख, असं ठरवून लोक बरोब्बर पाच लाखांचीच गाडी शोधायला बसतात आणि गणित तिथेच फसतं. गाडी दारात आली की पहिल्या महिन्यातच ती परत खिशात हात घालते. चार टायर बदलायचे म्हटलं तर छोट्या गाडीलाही पंधरा-वीस हजार जातात, बॅटरी पाचेक हजार, फुल सर्व्हिसिंग, इन्शुरन्स, नावावर करायचा खर्च, आणि क्लच गेलेला निघाला तर विचारूच नका. म्हणून पाचातले साठ-सत्तर हजार आधी बाजूला काढा, ते आपले नाहीतच असं समजा, आणि उरलेल्यात गाडी बसवा.

मॉडेल ठरवायला यूट्यूब बघण्याआधी घरातल्या माणसांना नेऊन गाडीत बसवा. आईचे गुडघे दुखत असतील तर सेडान कितीही ऐटबाज दिसली तरी तिला त्यात वाकून खाली बसायचं आणि उतरताना हात धरून उठायचं, रोजची कटकट. वॅगन आर दिसायला डबा आहे हे मान्य, पण सीट उंच, दार मोठं, म्हातारं माणूस खुर्चीत बसल्यासारखं बसतं. उलट तुमचं दरवर्षी गणपतीला कोकणात जाणं असेल, पाच माणसं आणि पाच माणसांच्या बॅगा, तर होंडाच्या अमेझसारखी ४२० लिटर डिकीवाली गाडी कामाला येते. सात सीटर हवीच असा हट्ट घरात असतो, पण तिसऱ्या रांगेत वर्षातून किती वेळा कोण बसणार ते आधी विचारा, दोनदाच असेल तर तेव्हा भाड्याने गाडी करा की.

इंधनाचं म्हणाल तर महिन्याला हजार किलोमीटरच्या आत रनिंग असेल तर गुपचूप पेट्रोल घ्या. डिझेलचा मोह होतो, पण बीएस सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलला धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो आणि रोज शाळा-ऑफिस-भाजी एवढंच दोन-चार किलोमीटर चाललं की तो चोक होतो. सीएनजी खिशाला परवडतो यात वाद नाही, फक्त डिकी सिलिंडर खातो आणि फुल लोड घेऊन आंबा घाट चढताना एसी बंद करावासा वाटतो. सीएनजी घेतलीच तर किट आरसीवर चढलेलं आहे का आणि सिलिंडरची टेस्ट, जी दर ३ वर्षांनी करायची असते, ती झालीये का ते बघा. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये ही भानगड जास्त असते.

किती जुनी घ्यायची? लहान मुलं आहेत म्हणून सांगतो, २०१९ नंतरचीच बघा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम, सक्तीचं झालं आणि पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग २०२१ च्या शेवटापर्यंत सगळीकडे आली, त्याआधीच्या बेस व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा काहीच नसायचं. आणि आरसी १५ वर्षांची असते हे विसरू नका, १२ वर्षं झालेली गाडी स्वस्त मिळते खरी पण लवकरच फिटनेस, रिन्यूअल, ग्रीन टॅक्स हे सगळं तुमच्या गळ्यात. दुसऱ्या टोकाला, दोन वर्षं जुन्या छोट्या गाडीला कोणी भरमसाट सांगत असेल तर आधी शोरूमला जाऊन नव्याचं ऑन रोड कोटेशन घ्या, सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हापासून हा फरक बराच कमी झालाय.

पासिंग कुठलं आहे तेही बघा. दिल्ली-हरियाणाची डिझेल एसयूव्ही निम्म्या किमतीत दिसली की हुरळून जाऊ नका, तिकडून एनओसी, इकडे परत रोड टॅक्स, नवीन नंबर, आणि तोवर एजंटच्या मागे फिरणं. टॅक्सी पासिंगची गाडी पांढऱ्या पाटीवर आणलेली असते ती आरसीच्या हिस्ट्रीत कळते. आणि पुराची गाडी! २०१९ ला कोल्हापूर-सांगली, २०२१ ला चिपळूण, किती गाड्या पाण्यात गेल्या आणि त्यातल्या कित्येक पॉलिश होऊन कुठल्या कुठे विकल्या गेल्या असतील. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, कारण वरचा भाग धुतात पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ राहते. मग सीटखाली हात घालून रेल्सवर गंज लागतोय का बघा, आणि स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, गेल्यावर बॉनेटला हात लावायचा, गरम लागलं तर विचारायचं का बरं. थंड इंजिन चालू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल कॅपच्या आत दुधासारखा चिकट थर असेल तर बहुतेक ऑइलमध्ये पाणी जातंय, निघा तिथून. मीटर ३५ हजार दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, तर बहुधा मीटर मागे केलंय, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षांचं रबर बदलायचंच. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग उडालेला दिसला तर ते उघडलेले आहेत, मग कशासाठी ते नीट विचारा, नुसतं पार्किंगमध्ये घासली म्हणून कोणी फेंडर काढत नाही. हे सगळं झालं तरी ओळखीचा मेकॅनिक न्या, त्याला हजार-दोन हजार द्या आणि लिफ्टवर चढवून खालून बघायला लावा. डीलरने दिलेला मेकॅनिक नको.

पेपर्स: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. थकलेले चलान ऑनलाइन बघा, ते मालकाकडून भरून घ्या. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात. इन्शुरन्स मात्र आपोआप पूर्ण येत नाही, १४ दिवसांत कंपनीला कळवून नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं की क्लेमला अडवतील.

आणि तुमची स्वतःची जुनी गाडी विकताना नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सवलतीचं, सर्टिफिकेट आधी काढून घ्या, तो बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या पॉलिसीला लागतो. डिलिव्हरी देताना तारखेबरोबर वेळही लिहून सही घ्या, आणि त्याच संध्याकाळी फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक खालापूरच्या टोलवरून जाईल आणि मेसेज तुम्हाला येईल.