बंद पेट्रोल पंपाची माती आणि भूजल तपासताय? या चुका टाळा

जागा विकायची असली की सगळ्यांनाच अहवालात ‘आढळले नाही’ हा शेरा हवा असतो. तो मिळवणं अवघड नाही. बोअर भलत्या जागी घ्या, नमुना घटकाभर उन्हात उघडा ठेवा, झालं. अशा तपासणीत नसलेलं प्रदूषण दिसण्याची भीती कमी, असलेलं निसटण्याची जास्त.

फक्त टाक्यांच्या कडेने बोअर घेणं

गळली असेल तर टाकीच, असं धरून चालतात. पण पाइपांचे सांधे, पेट्रोल भरायच्या मशीनखालची जागा आणि टँकरची नळी जोडतात ते तोंड, इथूनही पेट्रोल मुरतं. सर्व्हिसिंगचं शेड असेल तर हायड्रॉलिक लिफ्ट आणि जळक्या ऑइलची टाकीही तपासा. जुने नकाशे मागवा. टाक्यांच्या दोन पिढ्या दोन वेगळ्या कोपऱ्यांत निघाल्या तर नवल नाही. ड्रेनेज आणि केबलच्या चरांतल्या खडीतून पेट्रोल आणि त्याची वाफ भूजलाच्या दिशेला न जुमानता भलतीकडे जाते. बोअरचं मशीन लावण्याआधी पहिला दीड मीटर हातानेच खणा.

टाकीच्या खड्ड्यातलं पाणी म्हणजे भूजल नव्हे. भरावात पावसाचं पाणी साचतं आणि त्याची पातळी आजूबाजूपेक्षा वर राहू शकते.

प्रयोगशाळेला अर्धीच यादी देणं

बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन ही चौकडी सगळेच मागवतात. शिसेयुक्त पेट्रोल विकलं गेलं असेल तर शिसं, इथिलीन डायब्रोमाइड आणि १,२-डायक्लोरोइथेनही लागतं. नंतरच्या पेट्रोलसाठी एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन), डिझेलसाठी नॅप्थलीन, जळक्या ऑइलजवळ क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट आणि जड धातू.

पिशवीतलीच माती प्रयोगशाळेत पाठवणं

नमुना किती खोलीवरचा घ्यायचा ते जागेवर ठरवायला पीआयडी (मातीतून निघणारी वाफ मोजणारं हातातलं यंत्र) उत्तम. १०० पीपीएम आयसोब्युटिलीन वायूने कॅलिब्रेट करा, पिशवी मातीने अर्धी भरा, ढेकळं फोडा, १० मिनिटं थांबून आकडा घ्या. दमट हवेत आकडा दगा देतो आणि जुनं डिझेल पीआयडीला जेमतेम दिसतं, हे लक्षात असू द्या. पण तीच पिशवी पुढे पाठवली की बेंझिन वाटेत उडून जातं. कोअर (बोअरमधून निघालेला मातीचा सलग दांडा) उघडल्याबरोबर पिस्टनच्या छोट्या नळीने सुमारे ५ ग्रॅम माती आधी वजन केलेल्या मिथेनॉलच्या व्हायलमध्ये (छोट्या काचेच्या बाटलीत) ढकला. झाकणाच्या आट्यांत अडकलेले कण पुसा, नाहीतर व्हायल झिरपते. मग बर्फात ठेवा. वेगवेगळ्या खोलींची माती एकत्र कालवून ‘सरासरी’ नमुना करू नका. एक नमुना सर्वाधिक आकड्याच्या खोलीचा, एक पाण्याच्या पातळीच्या लगेच वरचा, एक प्रदूषण संपतं तिथला, एवढे तरी हवेतच.

जाळी पाण्यात बुडालेली

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण बोअर पुन्हा घ्यावा लागतो. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. निरीक्षण बोअरच्या पाइपचा जाळीदार भाग पूर्ण पाण्याखाली असेल तर तरंगणारा थर बाहेरच राहतो आणि आत स्वच्छ पाणी दिसतं. जाळी पातळीच्या वरही हवी आणि खालीही, तीसुद्धा वर्षभरातली चढउतार धरून. पाइप सोल्युशनने चिकटवू नका, त्यातलं सॉल्व्हंट पाण्यात उतरतं. आट्यांचेच पाइप घ्या. गाळणीची वाळू जाळीच्या वर अर्धा मीटर, तिच्यावर बेंटोनाइटचं (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचं) सील.

बोअरमध्ये थर जेवढा जाड दिसतो तेवढा तो जमिनीत नसतो. बारीक मातीत तर फरक बराच पडतो. उलट, पाणी चढलं की पेट्रोल मातीच्या छिद्रांत अडकतं आणि बोअरमधून गायब होतं. म्हणून पावसाळ्यातल्या एकाच भेटीवर ‘थर नाही’ लिहू नका.

प्रवाहाची दिशा काढायला किमान तीन बोअर लागतात, तेही एका रेषेत नकोत. पेट्रोलचा थर असलेल्या बोअरमध्ये पाण्याच्या पातळीचा आकडा दुरुस्त करावाच लागतो, कारण थराच्या वजनाने पाणी खाली दबतं. थर ४० सेंमी आणि पेट्रोलची सापेक्ष घनता ०.७४ असेल तर मोजलेल्या पाण्याच्या पातळीत ०.३० मीटर मिळवा. नाही मिळवलं तर नकाशावर नेमक्या सर्वांत खराब बोअरपाशी खड्डा उमटतो आणि सगळे बाण चुकतात.

पाणी भरताना घाई

बेलर (दोरीने बोअरमध्ये सोडायची नळी) आपटत भरलेल्या पाण्यातून वाफा निघून जातात आणि गाळ येतो. पंप मिनिटाला १०० ते ५०० मिली या वेगाने चालवा, पातळी १० सेंमीपेक्षा जास्त उतरू देऊ नका. पीएच, चालकता आणि विरघळलेला ऑक्सिजन सलग तीन वेळा स्थिर आला की ४० मिलीच्या व्हायल काठोकाठ भरा. उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर नवी व्हायल घ्या. नमुना टिकावा म्हणून व्हायलमध्ये घातलेल्या आम्लाशी पाणी फसफसलं तर त्यात कार्बोनेट जास्त आहे: आम्लाविना भरा आणि १४ ऐवजी ७ दिवसांत तपासून घ्या. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, पेट्रोलचा कॅन नमुन्यांच्या गाडीत मुळीच नको.

निकाल विचित्र आला तर

ट्रिप ब्लँकमध्ये (नमुन्यांच्या पेटीतून सोबत फिरवलेल्या शुद्ध पाण्याच्या व्हायलमध्ये) बेंझिन निघालं तर त्या पेटीतले सगळेच आकडे संशयास्पद. प्रवाहाच्या वरच्या बाजूचा बोअर खराब निघाला तर शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी दिशा पुन्हा मोजा. एमटीबीई आहे पण बेंझिन नाही, हा घोटाळा नव्हे: एमटीबीई मातीला फारसं चिकटत नाही, सावकाश विघटित होतं आणि बेंझिनच्या पुढे निघून जातं. उगमाच्या दिशेने मागे शोधा.

आणि ‘आढळले नाही’ आलं तर शेजारची शोधमर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण, वाचा. नमुन्यात इतर घटक खूप असले की प्रयोगशाळा तो पातळ करते आणि मर्यादा वर जाते. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे. तिथे ‘५०० पेक्षा कमी’ हा निकाल काहीच सांगत नाही. मुदत संपायच्या आत नमुना कमी पातळ करून पुन्हा चालवायला सांगा.