आफ्टरमार्केट शॉक घेताय? कस्टमर केअरशी बोलताना या चुका टाळा

माझ्या बाईकला आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीचा, नवा मागचा शॉक ॲब्सॉर्बर लावला आणि पहिल्याच आठवड्यात मी शॉकच्या कंपनीला चिडून मेल टाकला, "गाडी मागून बसते, शॉक खराब आहे, बदलून द्या." त्यावर दोन ओळींचं उत्तर आलं, सॅग (वजनाने गाडी मागून किती खाली बसते ते) किती आहे आणि सिरीयल नंबर पाठवा. मला वाटलं हे टाळतायत. पण खरं सांगायचं तर त्या दोन गोष्टींशिवाय तिकडे बसलेला माणूस काहीच सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठी चूक ऑर्डर देतानाच होते, ती म्हणजे वजन. मी नुसतं अंगावरचं वजन सांगितलं होतं, हेल्मेट, जॅकेट, बूट धरले तर त्यात सहज आठ-दहा किलोची भर पडते आणि मागे कायम कोणी बसत असेल, बॅगा असतील तर तेही सांगावंच लागतं, कारण स्प्रिंग त्यावरूनच निवडतात. सांगितलं नाही की मऊ स्प्रिंग येते आणि मग आपण प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग) आवळत बसतो. प्रीलोड आवळून गाडी वर येते पण स्प्रिंग कडक होत नाही, हे डोक्यात पक्कं करा.

सॅग घरीच मोजता येतो. मागचं चाक पूर्ण लटकेल अशी गाडी उचला, ॲक्सलपासून सरळ वर टेलवर एक टेप चिकटवा आणि अंतर घ्या. मग गाडी खाली ठेवून हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. जो फरक येईल तो रायडर सॅग, रस्त्यावरच्या गाडीला साधारण 30 ते 40 मिमी. प्रीलोड देऊन तो बरोबर आणला पण तुम्ही उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नसेल तर स्प्रिंग मऊ आहे. हे आकडे मेलमध्ये टाकले तेव्हा माझं काम हललं, त्यांनी स्प्रिंग बदलून दिली. स्प्रिंग बदलून देतात का, किती दिवसांत, हे मात्र पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

ऑइल दिसलं की लोक आधी पुसतात, तसं करू नका. आधी फोटो काढा, मग पुसा, थोडं चालवा, परत फोटो काढा. पुसल्यावर पुन्हा ओलं होत नसेल तर बहुतेक वेळा ते असेंब्लीचंच ऑइल असतं, पण परत परत येत असेल तर सील (ऑइल आत रोखणारी रिंग) गेलंय. आणि कुठल्याही मेकॅनिकला शॉक उघडू देऊ नका, बऱ्याच शॉकमध्ये आत दाबाखाली नायट्रोजन असतो, इजा होऊ शकते आणि वॉरंटीही जाते ती वेगळीच.

खटखट आवाज आला तरी लगेच क्लेम करू नका, आधी माउंटिंग बोल्टचा टॉर्क (किती आवळलाय ते) आणि बोल्टच्या जागचे बुश बघा, कित्येकदा तिथेच असतं. रिबाउंडचा (दाबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो त्याचा) ॲडजस्टर पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा आणि कंपनीने दिलेली सेटिंग कागदावर लिहून ठेवा, फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.

सील किट मिळतं का, रिबिल्ड (शॉक उघडून दुरुस्ती) कोण करतं हेही घेतानाच विचारा. आणि जुना शॉक विकू नका बरं का, नवा सर्व्हिसला गेला की तोपर्यंत गाडी त्याच्यावरच चालते.