शकुंतलेचा इतिहास लिहायचाय? मंग आधी तिचं कागदावरचं नाव पकडा

गावातल्या पोरांनी विचारलं, भाऊ आपल्या विदर्भातल्या छोट्या रुळाच्या शकुंतला गाडीवर लिहायचं आहे, सुरुवात कुठून करू. त्यांना जे सांगितलं तेच इथं टाकतो.

सगळ्यात आधी नाव. शकुंतला हे आपण लाडानं ठेवलेलं नाव, इंग्रजांच्या कागदात ते शोधत बसाल तर हाती भोपळा. कागदावर ती सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी, १९१० ची, आणि कारभार मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीकडे. नेटवर जिथं तिथं 'क्लिक निक्सन' लिहिलेलं दिसते, एकानं चुकवलं अन् बाकीच्यांनी उतरवलं, तुम्ही नका उतरवू. आणि १८५७ साल दिसलं तर ते किलिक निक्सनच्या स्थापनेचं आहे, आपल्या रुळाचं नाही. गावांची नावंही जुनी टाका, यवतमाळ म्हणजे येवतमाल, अचलपूर म्हणजे एलिचपूर, अमरावती म्हणजे उमरावती, नाहीतर अर्धे कागद सुटतात.

मग कोणती लाइन ते ठरवा, कारण लोक सगळं एकातच कालवतात. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, कारंजा दारव्ह्यावरून. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, दर्यापूर अंजनगावकडून. आणि तिकडं वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर, तीही याच कंपनीची. दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन आणि नागपूरचं मोतीबाग यात तर हमखास घोटाळा होते. नागपूरच्या मोतीबागेत छोट्या गाड्यांचं म्युझियम आहे, जाऊन या, भारी आहे, पण ती लाइन बंगाल नागपूर रेल्वेची, आपला तिच्याशी संबंध एवढाच की दोन्हीचे रूळ अडीच फुटाचे.

आता तुमच्या लिखाणाचा जीव कशात आहे सांगू, कापसात. जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, मोठी लाइन १८६७ ला नागपूरपर्यंत पोचली, पण यवतमाळचा कापूस त्या लाइनपर्यंत बैलगाडीनंच जायचा, म्हणून ही छोटी लाइन. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर चालत नाही, म्हणून गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या डब्यात भरायच्या, तिथून मुंबई. त्यामुळं स्टेशन पाहायला गेलात की आजूबाजूला जुनी जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून गाठी बांधायचे कारखाने, कुठं होती ते आधी विचारा, मालाचा यार्ड कुठं होता तेही विचारा, निसतं स्टेशनच्या पाटीसमोर सेल्फी काढून इतिहास होत नाही राजेहो.

अजून एक गोष्ट, आणि ही नीट कळली नाही तर पुढचं सगळं चुकते. रूळ कंपनीचे, पण गाडी चालवायची जीआयपी, आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे. बाकी रेल्वे सरकारी झाल्या, ही मात्र खासगी मालकीचीच राहिली. म्हणून कागद दोन जागी विखुरलेत, मालकीचे करारमदार एकीकडं आणि गाडी चालवण्याचे, वेळापत्रकाचे कागद रेल्वेकडं. यवतमाळ-अचलपूर लाइनसाठी भुसावळ मंडळाकडं माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, प्रश्न एकच आणि नेमका ठेवा. मी एकदा एकाच अर्जात चौदा प्रश्न टाकले होते, उत्तर आलं दीड ओळीचं. इम्पीरियल गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्या-गावांच्या माहितीचा ग्रंथ, १९०८-०९ चं आहे, त्यात ही लाइन सापडणार नाही कारण ती तेव्हा नव्हतीच, पण कापसाच्या बाजाराची माहिती तिथं मस्त मिळते.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका. 'कोणत्या वर्षी बसला होता आबाजी' म्हटलं की ते गप्प होतात किंवा ठोकून देतात. त्यापेक्षा विचारा, इंजिन कोळशाचं होतं का डिझेलचं? कोळशाचं असेल तर ती आठवण १९९४ च्या एप्रिलच्या आधीची, कारण १९२१ चं मँचेस्टरचं इंजिन तेव्हा थांबलं अन् डिझेल लागलं. किंवा विचारा बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर. माझी आजी म्हणायची तिकीट गार्डच फाडायचा, आणि गाडी एवढी हळू की बाया उतरून शेतातल्या हरभऱ्याच्या घाट्या तोडून परत चढायच्या. खरं का खोटं देव जाणे, मी दोन गावात आणखी विचारलं, दोन्हीकडं हेच ऐकलं, तरी लिहिताना 'लोक सांगतात' असंच लिहा.

प्रत्यक्ष लाइन पाहायची तर तूर-कापूस निघाल्यावर मार्चात जा, मंग शेतातून जाणारा उंचवटा आणि त्याच्या कडंची बाभळीची रांग सरळ दिसते, मोबाइलच्या सॅटेलाइट नकाशावर पण ती रेघ सापडते. रुळाच्या बाजूवर बनवणाऱ्याचं नाव आणि साल उठवलेलं असते, ब्रशनं माती झटकून तिरप्या उन्हात फोटो घ्या. फक्त घ्यायचा तो फोटोच, खिळासुद्धा उचलू नका, रेल्वेच्या मालमत्तेसाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे आणि 'आठवण म्हणून नेला साहेब' हे तिथं चालत नाही.