अनोळखी सेन्सर हातात आला तर त्याचा प्रकार कसा ठरवायचा?

माझ्याकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात वर्षानुवर्षं जमलेले सेन्सर पडलेत. काही पुण्याच्या तापकीर गल्लीतून हौसेनं आणलेले, काही बंद पडलेल्या प्रिंटर-फ्रिजमधून उपटलेले. सेन्सरच्या प्रकारांची यादी पाठ करायला बसलात तर ती संपायची नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला चारच प्रश्न विचारा आणि उत्तरांची चिठ्ठी त्याला चिकटवा. लागेल काय? डिजिटल मल्टिमीटर, गरम पाणी, बर्फाचा खडा आणि मोबाइल.

पायरी १: हा मोजतो काय?

तापमान, उजेड, अंतर, दाब, ओल, वायू, चुंबकत्व. बहुतेक वेळा रूपावरून अंदाज येतो, पण तीन पायांच्या काळ्या तुकड्यांपाशी जपून. एलएम३५ आणि डीएस१८बी२० हे दोन्ही तापमानाचे सेन्सर आणि बीसी५४७ हा साधा ट्रान्झिस्टर. तिघं शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतील. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून वरचा नंबर वाचा. अंदाजानं सप्लाय जोडू नका. डीएस१८बी२० उलटा जोडला गेला की क्षणात असा तापतो की बोटावर खूण राहते. माझ्या राहिली होती.

पायरी २: वीज स्वतः तयार करतो की बाहेरून मागतो?

सप्लाय न जोडता मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि सेन्सरला डिवचा. पिझो चकतीवर, म्हणजे बझरमध्ये असते त्या पितळी चकतीवर, टिचकी मारली की आकडे उडतात. के-टाइप थर्मोकपलचं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमानाच्या सेन्सरचं, टोक उकळत्या पाण्यात बुडवलं आणि खोलीत २७ अंश असतील, तर साधारण ३ मिलिव्होल्ट दिसतील. अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, तेही दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाचे. म्हणूनच थंड टोक किती अंशावर आहे ते वेगळं मोजावं लागतं. ज्योत विझली की गॅस बंद करणाऱ्या शेगड्यांत हाच थर्मोकपल असतो. ज्योतीच्या धगीनं तयार झालेली तेवढीशी वीज व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवते.

मीटर ढिम्म राहिला तर ओहमवर न्या. एलडीआरवर, म्हणजे उजेडानं रोध (रेझिस्टन्स) बदलणाऱ्या सेन्सरवर, तळहात धरला की रोध झपाट्यानं वाढतो, त्यात चुकायला जागा नाही. थर्मिस्टर, म्हणजे तापमानानं रोध बदलणारा सेन्सर, मात्र फसवतो. नेहमीचा १० किलोओहमचा एनटीसी (तापला की रोध घटणारा थर्मिस्टर) २५ अंशाला १० दाखवतो आणि चिमटीत धरला की सात-आठवर उतरतो. पण एप्रिलच्या दुपारी खोलीतच ३५ अंश असतील, तर तो आधीच साडेसहाच्या आसपास असतो. चिमटीनं काहीच हलत नाही. मी एक धडधाकट थर्मिस्टर असाच केरात टाकलाय. उन्हाळ्यात बर्फ लावून बघा, तिशीच्या पुढे जाईल. पीटी१०० हा प्लॅटिनमचा तापमानाचा सेन्सर याच्या उलट वागतो, तापला की रोध वाढतो: ० अंशाला १०० ओहम, १०० अंशाला १३८.५.

हे रोध बदलणारे सेन्सर प्रत्यक्ष वापरताना बाहेरून वीज मागतातच.

पायरी ३: लहर सोडतो की नुसता ऐकतो?

एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. मोटारीच्या मागच्या बंपरमधले पार्किंग सेन्सरही त्याच जातीचे. एलडीआर काहीच सोडत नाही, येईल तो उजेड घेतो. इस्रोच्या २०१२ सालच्या रिसॅट-१ उपग्रहावरचा रडार स्वतः लहरी सोडत असल्यामुळे त्याला ढगांआडूनही जमीन दिसे. साध्या कॅमेऱ्याला भर पावसाळ्यात ते जमत नाही.

परीक्षेला बसणारी मुलं गडबडतात ती इथंच. अ‍ॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह हे शब्द काही पुस्तकांत दुसऱ्या पायरीसाठी वापरतात, काहींत तिसऱ्या. दुसऱ्या पायरीसाठी वापरतानाही काही जण स्वतः वीज तयार करणाऱ्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात, तर काही नेमकं उलटं. माणूस आला की जिन्यातला दिवा लावणारा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) घ्या. काही सोडत नाही म्हणून नावातच पॅसिव्ह. पण आतला स्फटिक उष्णता बदलली की स्वतः विद्युतभार तयार करतो, म्हणून ‘स्वतः वीज तयार करणारा’ या व्याख्येनं अ‍ॅक्टिव्ह. वर त्याच्या शेजारचा छोटा ट्रान्झिस्टर सप्लाय मागतो, त्यामुळे मिलिव्होल्टच्या चाचणीत तो काही सापडत नाही. मी चिठ्ठीवर हे दोन शब्द लिहीतच नाही. ‘वीज: स्वतःची’ किंवा ‘बाहेरची’, ‘लहर: सोडतो’ किंवा ‘नाही’, एवढंच लिहितो.

पायरी ४: उत्तर कसं देतो?

एलएम३५ अंशामागे १० मिलिव्होल्ट देतो. ३०० दिसले की ३० अंश. तापमानाबरोबर व्होल्टेज सलग बदलतं, हा अ‍ॅनालॉग. डीएस१८बी२० त्याच तापमानाचा आकडा एका तारेवरून डिजिटल पाठवतो, मीटरवर त्याचा अर्थ लागत नाही. कारखान्यातला प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे वस्तू जवळ आली की कळवणारा, फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो. त्याची तपकिरी तार प्लसला, निळी मायनसला, काळी आउटपुट. सप्लाय बहुधा २४ व्होल्ट डीसी, तरी अंगावरचा छाप वाचा. लोखंडी किल्ली जवळ नेली की ‘आहे’ म्हणतो पण श्रीखंडाच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला नाही, तर तो इंडक्टिव्ह. झाकणालाही ‘आहे’ म्हणाला तर बहुधा कपॅसिटिव्ह.

छोट्या बोर्डावर बसवलेल्या सेन्सरला ए-ओ (अॅनालॉग आउटपुट) आणि डी-ओ (डिजिटल आउटपुट) असे दोन्ही पाय दिसले तर गोंधळू नका. सेन्सर अ‍ॅनालॉगच असतो, ‘हो-नाही’ ठरवणारी चिप बोर्डाची असते. वर्ग सेन्सरचा ठरवा.

एचसी-एसआर०४ची चिठ्ठी अशी होते: ‘अंतर. वीज: बाहेरची. लहर: सोडतो. उत्तर: पल्स, ५८ मायक्रोसेकंदाला १ सेंटिमीटर.’

सगळं लावून झाल्यावर डब्यात नंबर पुसलेला एक तीनपायी उरला. मीटर डायोडवर ठेवून पाय तपासले तर साधा ट्रान्झिस्टर निघाला. आकडा साडेसहाशे मिलिव्होल्टच्या आसपास होता. बाजूला ठेवणार तेवढ्यात लक्षात आलं की चिमटीत धरल्यावर तो हळूहळू खाली सरकतोय, अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्ट. मग त्याचीही चिठ्ठी केली: ‘तापमान. वीज: बाहेरची. लहर: नाही. उत्तर: अ‍ॅनालॉग.’